कोरोनाच्या बॅचचा सर्जन चालेल का?

या महिन्याच्या टपालात हर्निया, पित्ताशय आणि अपेंडिक्सची पत्रं जास्त आहेत. विषय वेगवेगळे, पण त्यांच्या आडून एकच शंका डोकावते: कोविडच्या काळात सर्जरी शिकलेल्या डॉक्टरांना खरंच शिकायला मिळालं का? मी मिरजेत उमेदीची सगळी वर्षं सर्जरी शिकवण्यात घालवली, त्यामुळे यावर गप्प बसणं मला जमणार नाही. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : वडिलांना (वय ६२) उजव्या जांघेत हर्निया आहे. विट्यातच एक तरुण सर्जन आले आहेत, २०२२ ला एमएस झालेले. माणूस चांगला वाटतो. पण शेजारी म्हणतात, ‘ती कोरोनाची बॅच, त्यांनी ऑपरेशनं केलीत कुठे? गपगुमान सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे न्या.’ आम्ही काय करावं? — एक वाचक, विटा

उत्तर : तुमचे शेजारी निम्मे बरोबर आहेत. निम्मेच का ते सांगते, म्हणजे पुढचं तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

एमएस जनरल सर्जरी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं सर्जरीचं शिक्षण (पीजी), तीन वर्षांची. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे जेआर-वन, वॉर्डात राबतो. रक्त काढायचं, ड्रेसिंग करायचं, रिपोर्टांच्या मागे पळायचं, योजनेचे फॉर्म भरायचे, रात्री कॅज्युल्टीचा कॉल घ्यायचा. थिएटरमध्ये रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार, धरून हात भरून आला की शेवटी कातडीचे टाके त्याला घालायला मिळतात. दुसऱ्या वर्षी हातात ब्लेड येतं: हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, अंगावरच्या गाठी. तिसऱ्या वर्षी पोटाची मोठी ऑपरेशनं. हाताला वळण लागतं ते मधल्या वर्षी.

आता समजा, तुमचे डॉक्टर मिरजेला शिकले. २०१९ च्या मे महिन्यात आले. ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर, निम्मी सांगली पाण्यात. ते निस्तरून बसतात न बसतात तोच मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोविडचे रुग्ण सापडले, आणि पुढे मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. म्हणजे मे २०२० मध्ये हा मुलगा जेआर-टू झाला, हर्नियाला हात लावायची त्याची पाळी आली, आणि नेमकी तेव्हाच हर्नियाची लिस्ट, म्हणजे आधी ठरवून करायच्या ऑपरेशनांची यादी, बंद. एरवी मिरजेच्या ओपीडीत जत आणि कर्नाटकातल्या अथणी, रायबागकडून माणसं येतात. रेल्वे बंद, राज्याची हद्द बंद, मग येणार कोण? मुलगा आठवडाभर पीपीई किट घालून कोविड वॉर्डात, त्यानंतर क्वारंटाईन, की परत वॉर्ड.

ऑपरेशनं थांबवली त्यात कुणाचा आळस नव्हता. मार्च २०२० मध्येच केंद्राने रुग्णालयांना सांगितलं होतं की थांबण्यासारखी ऑपरेशनं पुढे ढकला. भुलीचे डॉक्टर आयसीयूत हवे होते, व्हेंटिलेटर हवे होते, ऑक्सिजन हवा होता. शिवाय भीती पोकळ नव्हती. ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्या ११२८ रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास त्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला, त्यातले २३.८ टक्के महिन्याभरात दगावले होते. हर्नियासाठी असली जोखीम कोण घेईल? त्याच अभ्यासकांच्या गटाने अंदाज बांधला की ऐन कहराच्या १२ आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख नियोजित ऑपरेशनं रद्द होतील किंवा लांबतील, त्यातली पाच लाखांवर भारतात.

लोक म्हणतात, इमर्जन्सी तर चालूच होत्या, मुलं त्यावर शिकली असतील. इथेच गफलत आहे. फुटलेलं आतडं, अडकलेला हर्निया, सडलेला पाय हे सगळं चालू होतं, खरं आहे. पण नियम असा होता की थिएटरमध्ये कमीत कमी माणसं हवीत आणि काम लवकर आटपायला हवं. म्हणजे हातमोजे सिनियरच घालणार आणि मुलगा दाराबाहेर. नवशिक्याला गाडी शिकवायची तर कुणी रात्री पावसात खंबाटकी घाटात नेत नाही. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नेतात. आमचा मोकळा रस्ता म्हणजे मंगळवारची हर्निया-हायड्रोसीलची लिस्ट. महामारीने सोपी ऑपरेशनं नेली आणि अवघड तेवढी ठेवली.

आणखी एक गोष्ट झाली, जी बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. ऑपरेशनं हळूहळू सुरू झाली तेव्हा मुलांचे हात मोकळे नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये व्हायची नीट-पीजी, म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा, पुढे गेली ती ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात. कौन्सेलिंग सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोवर वॉर्डात नवा जेआर-वन नाहीच. रक्त कोण काढणार? जेआर-टू. फॉर्म कोण भरणार? तोच, आणि कमी पडलं तर जेआर-थ्री. आत टेबलावर पेशंट आणि बाहेर हा रिपोर्टांच्या मागे. माझ्या मते लॉकडाऊनइतकंच नुकसान या दिरंगाईने केलं, आणि ते टाळता आलं असतं.

आता हर्नियात नेमकं काय शिकायचं असतं ते बघा. कातडी आणि चरबीच्या खाली एक चकचकीत पांढरा पडदा लागतो. तो तंतूंच्या दिशेने उघडायचा, आणि उघडताना लगेच खाली असलेली एक बारीक नस सांभाळायची. ती कापली किंवा टाक्यात सापडली तर पेशंट पुढे महिनोन्‌महिने जांघेत जळजळ सांगत येतो. मग कॉर्ड, म्हणजे वृषणाकडे जाणारी दोरी, उचलून पट्टीने बाजूला धरायची, हर्नियाची पिशवी शोधायची, जाळी बसवायची. जाळी जांघेच्या हाडाच्या उंचवट्यापलीकडे दीड-दोन सेंटीमीटर जायला हवी, नाहीतर हर्निया तिथूनच परत डोकावतो. पण तो पहिला टाका हाडाच्या आवरणातून जाता कामा नये. गेला तर कायमची कळ. हे पुस्तकात एका ओळीत आहे. हाताला कळायला शेजारी कुणीतरी उभं लागतं. मी मुलाच्या मनगटाला धरून सुई हाडाला टेकवायची आणि म्हणायची, ‘लागलं? आता केसभर वर घे.’ दोन-दोन हातमोजे, वाफ धरलेला गॉगल, मास्कमुळे निम्मं ऐकू न येणारं बोलणं, यात ‘केसभर’ कसं शिकवणार?

इथवर शेजाऱ्यांची बाजू झाली. उरलेली निम्मी अशी की एमएसची पदवी मिळाली म्हणजे शिकणं संपलं, असं आमच्या धंद्यात कधीच नसतं. त्या मुलांनी पुढे बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, केला, सिनियर रेसिडेंटशिप केली, कुणी खाजगीत उभं राहून मागे पडलेलं काम केलं. कोविडनंतर तुंबलेले हर्निया कुणीतरी केलेच ना? तेव्हा पदवीचं साल विचारू नका, सरळ डॉक्टरांना विचारा: जाळीचे हर्निया गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती केले? भूल कोण देणार? रात्री काही झालं तर तुम्ही याल का आणि अडलं तर कुणाला बोलावता? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. तो आकडा सांगतो, वर एखाद्या सिनियरचं नाव सांगतो. जो ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो, त्याच्याकडून निघा, मग तो विट्याचा असो की सांगलीचा, वयाने तिशीचा असो की साठीचा. मोठ्या पाटीखाली वर्षानुवर्षं तीच चूक करणारेही मी पाहिले आहेत.

वडिलांना लघवीला जोर करावा लागतो का, जुना खोकला आहे का, हे आधी बघून घ्या. ते तसंच ठेवून हर्निया केला तर टाक्यावर ताण येतो. दुखत नसेल तर घाईही नाही, पण ऑपरेशन बहुधा टळत नाही: थांबून बघणाऱ्या पुरुषांपैकी दोन तृतीयांश जण दहा वर्षांत दुखतंय म्हणून करून घेतातच. मात्र गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, उलट्या सुरू झाल्या तर विटा की सांगली याचा विचार करत बसू नका, जवळची कॅज्युल्टी गाठा.

प्रश्न : मॅडम, मी २०२० च्या बॅचचा एमएस. जतच्या बाजूला काम करतो. ओपन हर्निया, अपेंडिक्स आता बऱ्यापैकी येतं. पण दुर्बिणीने पित्ताशय काढायच्या केसेस पीजीत फक्त कॅमेरा धरून पाहिल्या, हाताने मोजक्याच. आता कुणाला ‘शिकवा’ म्हणायची लाज वाटते. घरच्या घरी काही करता येईल का? — एक तरुण सर्जन, जत

उत्तर : मॅडम म्हणून लिहिलंस, तेव्हा एकेरीत बोलते.

तुझ्या बॅचचं दुखणं वेगळं. तुम्ही आलात तेच कोविड वॉर्डात, सर्जरीचा विभाग तुम्ही नंतर पाहिला. दुर्बिणीचं तर सुरुवातीला आणखी अवघड झालं: पोटात भरलेल्या वायूबरोबर विषाणू बाहेर उडेल, अशी तेव्हा धास्ती होती आणि बऱ्याच ठिकाणी लॅपरोस्कोपी बंदच ठेवली होती. त्यातून एक फायदा झाला, तो मात्र कुणी मोजत नाही. काही मुलांना पित्ताशय पोट उघडून काढताना बघायला मिळालं. त्यांच्या आधीच्या कित्येकांनी ते धड पाहिलेलंही नाही, आणि दुर्बीण अडली की तेच लागतं.

घरच्या घरी पुष्कळ करता येतं. पुठ्ठ्याचा बरा मोठा खोका घे. वरच्या बाजूला पोर्टच्या, म्हणजे पोटात हत्यारं घालायच्या छिद्रांच्या, अंतरावर दोन भोकं पाड. मोबाईल टॉर्च लावून आतल्या अंगाला बसव आणि चित्र लॅपटॉपवर घे, डोळा खोक्यात घालायचा नाही. थिएटरमधून बाद झालेला नीडल होल्डर (सुई धरायचा) आणि मेरीलँड (वाकड्या टोकाचा चिमटा) मागून आण. सिस्टरला चहा पाजलास तर मिळेल. आधी हरभरे एका वाटीतून उचलून, या हातातून त्या हातात घेऊन, दुसऱ्या वाटीत टाक. डाव्या हाताने सुरुवात कर, कारण आपल्याकडे डावा हात नुसता धरायला ठेवतात आणि पित्ताशय नीट ताणून ठेवायचं काम त्याचंच. मग गॉजवर गोल काढून तो रेघेवरून काप, मग आतल्या आत गाठ. अमेरिकेत सर्जरीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर याच प्रकारच्या कसरतींची चाचणी आधी पास व्हावी लागते, त्यामुळे खोक्याशी खेळतोय म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

आतड्याच्या टाक्यांसाठी रविवारी मटणाच्या दुकानात जा. वजडीसाठी चिरायच्या आधीचं आतडं हातभर मागून घे, वेडा समजतील, समजू देत. स्वच्छ धुऊन मधे काप आणि थ्री-झिरो विक्रिलने (विरघळणाऱ्या बारीक धाग्याने) परत जोड. प्रत्येक टाक्यात सबम्युकोसा, म्हणजे आतल्या अस्तराखालचा थर, आलाच पाहिजे, ताकद तिथे असते. आतलं अस्तर मात्र बाहेर डोकावू द्यायचं नाही. झालं की एक टोक बांध, दुसऱ्या टोकातून पाणी भर आणि बोटाने हलकं दाब. कुठून ठिपकतं ते बघ, आणि तो टाका का चुकला ते शोध. गळलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, ते टेबलावर गळलं, माणसाच्या पोटात नाही. उरलेलं आतडं घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नको, एवढं संसाराच्या भल्यासाठी सांगते.

पण खोका आणि बोकड इथपर्यंतच नेतात. पित्ताशयात धोका असतो तो नीट उकलून बघायच्या आधीच क्लिप लावण्यात. पित्ताशयाखालचा त्रिकोण चरबी आणि पडद्यांपासून पूर्ण मोकळा झाला पाहिजे, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतावरून सुटलेला दिसला पाहिजे, आणि आत शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, त्याची नळी आणि रक्तवाहिनी, उरल्या पाहिजेत. १९९५ पासून जगभर हेच शिकवतात. हे तिन्ही दिसत नसेल तर क्लिप हातात घ्यायचीच नाही. सगळं चिकटलेलं असेल तर थोडा भाग मागे ठेवून बाहेर ये, किंवा पोट उघड, किंवा नुसती नळी टाकून सांगलीला पाठव. यात कमीपणा नाही. मुख्य पित्तनलिका कापली तर त्या पेशंटचं पुढचं आयुष्य हॉस्पिटलच्या फेऱ्यांत जातं.

आणि लाज कसली? सांगली-मिरजेत दुर्बिणीच्या लिस्ट रोज चालतात. एखाद्या सिनियरला फोन कर, ‘सर, आठवड्यातून एक दिवस असिस्ट करायला येऊ का, पैसे नकोत’ म्हण. एक नाही म्हणेल, दुसरा हो म्हणेल. काही दिवसांनी तुझी केस तुझ्याच गावात लाव आणि त्यांना शेजारी उभं राहायला बोलाव. प्रत्येक केसचा व्हिडिओ ठेव आणि पेशंट घरी गेल्यावर शांतपणे बघ. लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची वही, परीक्षेनंतर फेकून दिलं असशील, तर नवीन घे.

सिनियर मंडळींनाही एक सांगायचं आहे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून या मुलांची टर उडवणं सोपं आहे. तुमच्या वेळी तुम्हाला कुणीतरी हर्निया करू दिला होता. यांना ज्या वर्षी तो मिळायचा, त्या वर्षी हे प्रेतं गुंडाळत होते.

प्रश्न : त्या काळात डॉक्टर घरी बसून मोबाईलवर लेक्चर ऐकून सर्जन झाले, असं लोक म्हणतात. खरं आहे का? — निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : घरी बसून नाही, सर, हॉस्टेलवर, आणि तेही ड्युटीतून परतल्यावर अर्ध्या झोपेत. ऑनलाइन लेक्चरं झाली आणि ती चांगलीही होती. एरवी मुंबई, वेल्लोरच्या सर्जनचं बोलणं मिरजेच्या जेआर-वनच्या कानावर कुठून पडणार? केसवर चर्चा, प्रबंधाचं काम, एक्स-रे वाचणं हे पडद्यावर जमतं. गाठ किती घट्ट मारायची हे जमत नाही.

पण ही मुलं काहीच शिकली नाहीत हेही खोटं. ऑक्सिजन किती लावायचा, पालथं कधी झोपवायचं, श्वास दमायच्या आधी कसा ओळखायचा, हे त्या सर्जनना माझ्यापेक्षा चांगलं येतं. ऑपरेशननंतर पेशंट खालावतोय हे त्यांना लवकर कळतं. नातेवाइकांना फोनवरून वाईट बातमी द्यायचं कामही त्यांनीच केलं, विशी-पंचविशीत.

एक शाखा तर उलट कामाखाली दबली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची काळी बुरशी, इतकी वाढली की कान-नाक-घशाचे रेसिडेंट सायनस आणि टाळूचा सडलेला भाग काढता काढता थकून गेले. डोळ्यांच्या विभागात डोळा काढायची वेळ यायची. टॉन्सिल आणि नाकाचा पडदा मात्र त्यांनीही महिनोन्‌महिने पाहिला नाही. म्हणजे तिथेही तेच, सोपं गेलं आणि भयंकर तेवढं राहिलं.

प्रश्न : २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं अपेंडिक्स सुजलं होतं. तेव्हा ऑपरेशन न करता इंजेक्शनं आणि गोळ्यांवर बरं केलं. आता माझं वय ४४. त्रास काही नाही, पण सासूबाई म्हणतात, ‘पोटात तसंच ठेवलंय, एक दिवस फुटेल.’ काढून टाकावं का? — एक भगिनी, पलूस

उत्तर : तुमचं अपेंडिक्स एरवी एखाद्या जेआर-टूने काढलं असतं. तसा त्याचा हात शिकायचा राहिला आणि तुमचं पोट शाबूत राहिलं. तुमच्यावर झालेला उपचार नाइलाजाचा असला तरी चुकीचा नव्हता. साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सला अँटिबायोटिक देऊन बघायचे प्रयोग कोविडच्या आधीपासून चालू होते. फिनलंडच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा त्रास झाला, बाकीच्यांना नाही. तुमची पाच वर्षं निभावली आहेत, आणि परत त्रास व्हायचा तर तो बहुतेकांना पहिल्या वर्षातच होतो. त्रास नसताना नुसतं सासूबाईंच्या समाधानासाठी काढायची गरज नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

फक्त दोन गोष्टी करा. तेव्हाचे कागद शोधा आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये गोळा, पू किंवा खडा लिहिला आहे का ते बघा. लिहिला असेल आणि त्यानंतर पुन्हा तपासणी झाली नसेल, तर सर्जनला दाखवा. चाळिशीनंतर अपेंडिक्सभोवती गोळा झाला असेल तर त्यामागे कॅन्सरची गाठ नाही ना, याची सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करून खात्री करतात. आणि बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं पुन्हा आलं, सोबत ताप, मळमळ असेल, तर घरी ओवा खात बसू नका. पलूसहून सांगली लांब नाही, त्याच दिवशी निघा आणि ते जुने कागद बरोबर घ्या.